लिहून झालं? मग आता लिहायला बसा!

कॉलेजच्या नोटीस बोर्डावर दरवर्षी एक कागद लागतो. 'वार्षिक अंकासाठी विद्यार्थ्यांनी आपले स्वरचित साहित्य अमुक तारखेपर्यंत मराठी विभागात जमा करावे.' तुम्ही कविता नेऊन देता. 'अरे वा, लिहितोस का तू?' असं मॅडम कौतुकानं म्हणतात, कागद फाइलमध्ये जातो आणि विषय तिथेच संपतो. पुढे कधीतरी अंक हातात पडतो. कविता छापून आली असेल तर फोटो काढून स्टेटसला लागते. आली नसेल तर का नाही आली, हे कुणी सांगत नाही. गंमत म्हणजे आली असेल तर का आली, हेही कुणी सांगत नाही.

आता त्याच कॉलेजच्या हॉलमध्ये संध्याकाळी सहानंतर डोकावून बघा. एकांकिकेची तालीम चालू आहे. लेखक कोपऱ्यात बसलाय. नट म्हणतो, 'हे वाक्य तोंडात बसत नाहीये यार.' दिग्दर्शक म्हणतो, 'मधला भाग रेंगाळतोय, दोन पानं उडव.' म्युझिक ऑपरेट करणारी मुलगी मध्येच विचारते, 'पण ती घर सोडून का जाते? मला तर कळलंच नाही.' लेखक आधी चिडतो, चहाला निघून जातो, रात्री जागतो आणि दुसऱ्या दिवशी नवी पानं घेऊन येतो. प्राथमिक फेरीत सादर झालेली संहिता अंतिम फेरीपर्यंत तशीच राहिली, असं फार क्वचित होतं.

पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासकची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३ पासून होते आहे. मुंबईत आयएनटी आहे, गावोगावी अशा कितीतरी स्पर्धा आहेत. म्हणजे लेखन शिकवणारी एक चांगली शाळा आपल्याच कॉलेजांमध्ये साठ वर्षांहून जास्त काळ भरते आहे. आपण तिला शाळा म्हणत नाही, एवढंच. आणि कथा-कविता लिहिणाऱ्यांना तिथे बाकच नाही.

माझं म्हणणं साधं आहे. नाटकवाल्यांना तालमीत जे मिळतं, ते कथा आणि कविता लिहिणाऱ्यांनाही कॉलेजात मिळालं पाहिजे. लक्ष देऊन वाचणारी चार-पाच माणसं, त्यांचं स्पष्ट बोलणं आणि त्यानंतर पुन्हा लिहायला बसणं. लेखन शिकण्याचा याहून भरवशाचा रस्ता मला माहीत नाही.

देणगी, ती कुणाला?

'लेखन शिकवता येत नाही, ते आतून यावं लागतं.' हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. बहुधा एखाद्या भाषणात, टाळ्यांसकट. गाणं शिकायचं असेल तर गुरू लागतो, रियाज लागतो, हे आपल्याला मान्य असतं. क्रिकेट खेळायचं तर नेटमध्ये घाम गाळावा लागतो, हेही मान्य. तबलजीनं सहा महिन्यांत मैफल गाजवावी, अशी अपेक्षा कुणी करत नाही. लेखकाकडून मात्र आपली अपेक्षा असते की त्यानं बसावं, त्याला सुचावं आणि सुचलेलं जसंच्या तसं छापायला जावं.

गाण्यातही प्रतिभा लागतेच. म्हणून कुणी रियाज सोडत नाही. मग लेखनातच असं का?

या समजुतीचा तोटा कुणाला होतो, ते बघा. ज्या घरात दरवर्षी दिवाळी अंक येतात, जिथे आई कविता वाचून 'शेवटच्या दोन ओळी कशाला हव्यात रे?' असं विचारते, त्या घरातल्या मुलाची कार्यशाळा लहानपणापासून जेवणाच्या टेबलावर चालू असते. त्याला कुणी ते नाव दिलेलं नसतं, इतकंच. दुसरीकडे घरातून कॉलेजात आलेली पहिलीच मुलगी असते. तिच्याकडे सांगण्यासारखं भरपूर असतं: ऊसतोडीला गेलेलं घर, दोन एसटी बदलून केलेला रोजचा प्रवास, मोबाइलच्या उजेडात केलेला अभ्यास. पण लिहिलेलं वाचून 'इथे मी अडखळले' असं म्हणणारं तिला कुणी भेटलेलं नसतं. पहिला ड्राफ्ट जमला नाही की ती ठरवून टाकते, 'आपल्याला नाही येत हे.' त्या मुलाचाही पहिला ड्राफ्ट तितकाच कच्चा होता. फक्त त्याला दुसरा लिहायची सवय होती.

म्हणून 'देणगी' या शब्दाबद्दल जरा सावध राहा. ऐकायला तो नम्र वाटतो, पण बऱ्याच जणांना तो दाराबाहेरच थांबवतो. कॉलेज ही अशी जागा आहे, जिथे दोन्ही घरांतली मुलं एकाच बाकावर बसतात. घरात जे मिळालं नाही, ते निदान इथे मिळायला हवं.

शाल-श्रीफळाच्या पलीकडे

'पण आमच्याकडे लेखन कार्यशाळा होते की!' असं कुणीतरी म्हणेल. होते ना. दीपप्रज्वलन होतं, पाहुण्यांचा परिचय होतो, शाल आणि श्रीफळ दिलं जातं. पाहुणे स्वतःच्या लेखनप्रवासाबद्दल छान बोलतात. मग प्रश्नोत्तरं, चहा-समोसा आणि ई-सर्टिफिकेटची लिंक. दिवसभरात एका गोष्टीला मात्र कुणी हात लावत नाही, ती म्हणजे तुम्ही लिहिलेलं पान. अशी व्याख्यानंही ऐकावीत, त्यांनी उत्साह येतो. पण पोहण्यावरचं भाषण ऐकून कुणी पोहायला लागत नाही.

कार्यशाळेची जी पद्धत जगभर पसरली, ती अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातून. तिथे १९३६ मध्ये 'रायटर्स वर्कशॉप' सुरू झालं. फ्लॅनरी ओ'कॉनरसारखी मोठी कथाकार चाळीसच्या दशकात तिथलीच विद्यार्थिनी. त्याच विद्यापीठात १९६७ साली जगभरातल्या लेखकांसाठी वेगळा 'इंटरनॅशनल रायटिंग प्रोग्रॅम' सुरू झाला. आपले दिलीप चित्रे सत्तरच्या दशकात त्यात सहभागी झाले होते.

वर्कशॉपची रीत अगदी साधी असते. आठ-दहा जणांचा गट. एकानं आपली कथा काही दिवस आधी सगळ्यांना द्यायची. सगळ्यांनी ती घरी वाचून, समासात खुणा करून यायचं. मग गोल बसून त्या कथेवर तासभर बोलायचं. जुन्या पद्धतीत तर चर्चा चालू असताना लेखकानं तोंड उघडायचंच नाही, असा नियम असायचा. कारण छापलेल्या कथेसोबत लेखक वाचकाच्या घरी जाऊन 'मला असं म्हणायचं होतं' हे सांगू शकत नाही. जे काही सांगायचंय, ते कागदावरच असायला हवं.

यासाठी शिक्षक हवाच असंही नाही. पीटर एल्बो नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी १९७३ मध्ये एक पुस्तक लिहिलं, ज्याच्या नावातच 'शिक्षकांविना लेखन' आहे. त्यांचं सांगणं असं, की वाचणाऱ्यानं परीक्षक व्हायची गरज नाही. वाचताना तुमच्या डोक्यात क्षणोक्षणी काय चाललं होतं, तेवढं प्रामाणिकपणे सांगा. इथे हसू आलं, इथे कंटाळा आला, इथे मला वाटलं की हा खोटं बोलतोय. एवढं सांगायला डिग्री लागत नाही. तुम्ही सिनेमा बघून बाहेर आलात की हेच तर करता!

'पण मूळचं बिघडेल ना!'

पुन्हा लिहिण्याला आपल्याकडे एक मोठा आक्षेप असतो. पहिल्या भरात आलेलं तेच खरं, त्यावर हात फिरवला की ते कृत्रिम होतं. कविता लिहिणाऱ्यांमध्ये तर ही श्रद्धाच असते.

थोडं मोठ्यांच्या वह्यांमध्ये डोकावू. टी. एस. एलियट यांची 'द वेस्ट लँड' १९२२ मध्ये प्रसिद्ध झाली. विसाव्या शतकातल्या इंग्रजी कवितेत तिचं स्थान काय, हे इंग्रजी लिटरेचरवाल्यांना सांगायला नको. १९७१ मध्ये तिच्या मूळ हस्तलिखिताचं पुस्तक निघालं आणि मित्र एझ्रा पाउंड यांनी त्यावर किती काट मारली होती, ते सगळ्यांना दिसलं. पानंच्या पानं उडवलेली. एलियट यांनी ती कविता पाउंड यांनाच अर्पण केली आहे. हेमिंग्वेंच्या 'अ फेअरवेल टू आर्म्स' या १९२९ च्या कादंबरीची २०१२ मध्ये एक आवृत्ती निघाली, तिच्यात त्यांनी लिहून बाजूला ठेवलेले सत्तेचाळीस वेगवेगळे शेवट छापले आहेत. एका शेवटासाठी सत्तेचाळीस वेळा! आणि आपण दुसऱ्यांदा लिहायला सांगितलं तरी रुसतो.

मराठीत हे काम संपादक करत. 'सत्यकथा' मासिकाचे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांची ख्यातीच अशी, की कथा आवडली तरी ते लगेच छापून मोकळे होत नसत. लेखकाला सविस्तर पत्र जायचं. कुठे काय खटकतं, कुठलं पात्र अर्धवट राहिलंय ते लिहिलेलं असायचं, आणि कथा पुन्हा लिहून मागवली जायची. कितीतरी नव्या लेखकांसाठी ती पत्रं म्हणजेच कार्यशाळा होती, तीही पोस्टानं घरी येणारी. 'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद झालं. आज तुमची पोस्ट पडताक्षणी प्रसिद्ध होते. ती प्रसिद्ध होण्याआधी कुणीतरी तुम्हाला अडवायचं, ती जागा तेवढी रिकामी पडली.

कुणी म्हणेल, भालचंद्र नेमाड्यांनी 'कोसला' तर झपाट्यानं लिहून काढली असं सांगतात, आणि तेव्हा त्यांचं वय होतं पंचवीस. बरोबर. पण त्या वेळच्या मुंबईत लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या पोरांचे अड्डे होते, अनियतकालिकं निघत होती, पुस्तकांवरून रात्र रात्र वाद व्हायचे. त्या सगळ्या मशागतीनंतर पीक झपाट्यानं आलं, तर त्यात नवल नाही. तुमच्याकडे असा अड्डा असेल तर हा लेख इथेच सोडून द्या आणि तिकडे जा.

दुधाचा हिशेब

पुनर्लेखन म्हणजे शब्द बदलणं, असा एक गैरसमज असतो. 'सुंदर'च्या जागी 'रमणीय' टाकलं की झालं. एक उदाहरण घेऊ, मी रचलेलंच. समजा, कुणीतरी गटात असं लिहून आणलं:

'आजी गेली आणि घरात भयाण शांतता पसरली. सर्वांच्या डोळ्यांतून अश्रूंच्या धारा वाहू लागल्या. आजी म्हणजे आमच्या घराचा आधारवड होती.'

यात चूक काहीच नाही. शुद्धलेखन बरोबर आहे, भावना खरी आहे. लिहिणाऱ्याची आजी खरोखर गेली आहे, म्हणून गटात सगळे गप्प बसतात. मग कुणीतरी हळूच विचारतं, 'तुझी आजी दिवसभर करायची काय?'

'काही नाही गं, सगळंच. म्हणजे... पहाटे उठायची. दुधाचा हिशेब तिच्याकडे असायचा. कॅलेंडरवर लिहून ठेवायची, पण तिच्याच खुणांनी. आम्हाला कुणाला त्या कळायच्या नाहीत.'

'अरे, मग हे कुठे लिहिलंयस?'

पुढच्या आठवड्यात तो दुसरा ड्राफ्ट आणतो:

'आजी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी दूधवाला नेहमीसारखा साडेसहाला आला. एक लिटर की दीड, ते कुणालाच सांगता येईना. बाबा कॅलेंडरपाशी गेले आणि आजीच्या खुणा बघत तिथेच उभे राहिले. बाहेर दूधवाल्यानं दोनदा घंटी वाजवली.'

यात कुणी रडत नाही. 'आधारवड' हा शब्दही नाही. तरी घर कशावर उभं होतं, ते आता आपल्याला कळतं. महत्त्वाचं असं, की गटानं त्याला एकही वाक्य लिहून दिलेलं नाही. ते त्याच्याकडे होतंच. पण ते सगळ्यांच्या कॅलेंडरवर असतं, त्यात काय लिहायचं, असं त्याला वाटत होतं. पहिल्या ड्राफ्टमध्ये आपण बरेचदा शाळेतल्या निबंधांमधून ऐकलेली वाक्यं लिहितो. आपली स्वतःची वाक्यं त्यांच्या खाली दबलेली असतात. मग 'मूळचं बिघडेल' ही भीती उरतेच कुठे? इथे मूळचं सापडलंच दुसऱ्या ड्राफ्टमध्ये.

'वाह वाह' आणि 'काय फालतू'

आता खरी अडचण. आपल्याला एकमेकांच्या लेखनावर बोलता येत नाही. ग्रुपवर कविता टाकली की चार हार्ट, दोन 'भारीच', एक 'कडक रे भावा'. नाहीतर मग थेट रोस्ट. मधलं काही नाहीच. एकानं डोक्यात हवा जाते, दुसऱ्यानं माणूस वर्षभर वही उघडत नाही. दोन्हींतून पुढचा ड्राफ्ट काही निघत नाही.

लिझ लर्मन या अमेरिकन नृत्यदिग्दर्शिकेनं यासाठी चार पायऱ्यांची एक रीत बसवली. नाचासाठी बसवलेली ही रीत आता लेखनाच्या वर्गांतही वापरतात. पहिली पायरी: वाचणाऱ्यांनी आधी सांगायचं, की यातलं काय मनात राहिलं, काय जिवंत वाटलं. नुसतं 'छान' चालणार नाही, नेमकी जागा दाखवायची. दुसरी पायरी: लेखकानं विचारायचं. 'शेवट घाईत झाला का?', 'मामा खलनायक वाटतो का?' वगैरे. तिसरी पायरी: वाचणाऱ्यांनी प्रश्न विचारायचे, पण त्यांत मत दडवायचं नाही. 'इतका रटाळ शेवट का केलास?' हा प्रश्न नव्हे, तो टोमणा आहे. 'शेवटी तिला काय वाटत असावं, असं तुझ्या मनात होतं?' हा प्रश्न. आणि चौथी पायरी: मत द्यायचं, पण लेखकाला विचारून. 'संवादांबद्दल माझं एक मत आहे, सांगू का?' लेखक 'नको' म्हणू शकतो.

पहिल्यांदा हे सगळं फार शिष्ट वाटेल. आपल्याकडे मित्राला 'मत सांगू का?' असं कोण विचारतं! पण दोनदा करून बघा. कुणी दुखावत नाही आणि तरीही सगळं बोलून होतं. शिवाय सगळ्यात जास्त शिकतो तो बोलणारा. दुसऱ्याच्या कथेत कंटाळा नेमका कुठल्या ओळीपासून आला, हे शोधायची सवय लागली की स्वतःच्या कथेतलीही ती ओळ दिसायला लागते.

पेन कुणाच्या हातात?

कार्यशाळेत धोकेही आहेत. आठ जणांच्या आवडीनिवडी सांभाळत बसलात तर कथा शेवटी कुणालाच न खटकणारी आणि कुणालाच न आठवणारी होऊन बसते.

सांद्रा सिस्नेरोस ही मेक्सिकन-अमेरिकन लेखिका सत्तरच्या दशकाच्या शेवटी आयोवाच्या वर्कशॉपमध्ये शिकत होती. एकदा वर्गात घर या विषयावर चर्चा चालली होती, आणि तिच्या लक्षात आलं की हे सगळे ज्या घरांबद्दल बोलताहेत, तसलं घर तिला कधी मिळालंच नव्हतं. ती शिकागोतल्या भाड्याच्या जागांमध्ये वाढलेली. आपण इथे उपरे आहोत, ही जाणीव तिला बोचली. मग तिनं ठरवलं, की वर्गातलं दुसरं कुणीच लिहू शकणार नाही ते आपण लिहायचं. त्यातून आलेलं 'द हाउस ऑन मँगो स्ट्रीट' १९८४ मध्ये प्रसिद्ध झालं. सिस्नेरोस हिमतीची म्हणून निभावली. तिच्यासारखे किती जण गप्प झाले असतील, त्याची नोंद कुठेच नसते.

आपल्याकडेही हा झगडा झालाच आहे. ज्या 'सत्यकथा'चं वर कौतुक केलं, त्याच मासिकाच्या अंकाची १९६९ मध्ये लिटल मॅगझिनवाल्या तरुणांनी होळी केली होती. चांगलं साहित्य कोणतं, हे ठराविक लोकांनीच का ठरवायचं, हा त्यांचा सवाल होता. तो रास्तच होता. १९७२ मध्ये नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. त्या कविता कुणी प्रमाणभाषेचं लाल पेन घेऊन 'सुधारायला' बसलं असतं तर काय उरलं असतं, जरा विचार करा.

आणखी एक उदाहरण. रेमंड कार्व्हर यांच्या कथांचा गाजलेला संग्रह १९८१ मध्ये आला. त्यांचे संपादक गॉर्डन लिश यांनी त्यातल्या काही कथा निम्म्याहून जास्त कापल्या होत्या. लेखकाची मूळ संहिता 'बिगिनर्स' या नावानं २००९ मध्ये वेगळी छापून आली आणि कोणती बरी, यावर वाचक अजून भांडतात. पाउंडची काट एलियटना पटली होती. कार्व्हर मात्र त्या कापाकापीनं अस्वस्थ झाले होते. काट मारण्याइतकंच महत्त्व लेखकाच्या संमतीला आहे, हे यातून शिकायचं.

म्हणून आपल्या गटात दोन नियम पक्के ठेवा. एक, वाचकाला कुठे अडखळायला झालं, हे वाचकानं सांगायचं; तिथे काय करायचं, हे लेखकानं ठरवायचं. त्यानं काहीच बदललं नाही तरी चालेल, मात्र का नाही बदललं, हे त्याला स्वतःला ठाऊक हवं. दोन, कुणाच्या बोलीला हात लावायचा नाही. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, आगरी, ज्याची जी असेल ती. 'हे शुद्ध नाही' हा कार्यशाळेतला शेरा असूच शकत नाही. 'हा शब्द मला कळला नाही' हे जरूर म्हणा. मग तो ठेवायचा, की पुढच्या वाक्यात उलगडायचा, ते लिहिणारी ठरवेल.

एआय करून देईल की!

हे येणारच होतं. चॅटजीपीटीला 'पावसावर मराठी कविता दे' म्हटलं की कविता येते. ड्राफ्ट टाकला तर सुधारूनही मिळतो. मग एवढा उपद्व्याप कशाला?

मला विचाराल तर ज्या कॉलेजात फक्त शेवटचा कागद तपासला जातो, तिथे मुलं मशीन वापरणारच. त्यांना कशाला दोष द्यायचा? आज अनेक विद्यापीठांच्या मराठीच्या अभ्यासक्रमात सर्जनशील लेखनाचा पेपर आहे. पण त्यात जर 'कथेचे घटक स्पष्ट करा' एवढंच विचारलं जाणार असेल, तर त्याचं उत्तर गाइडमध्येही आहे आणि मशीनकडेही. ते लिहून एकही कथा जन्माला येणार नाही. त्याऐवजी तीन ड्राफ्ट मागा. सोबत एक पान: पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत काय बदललं, कुणाच्या कुठल्या प्रश्नामुळे बदललं आणि कुठला सल्ला मुद्दाम नाकारला. मार्क द्यायचे तर या प्रवासाला द्या. ज्यानं प्रवास केला नाही, त्याला हे पान लिहिणं जड जाईल. गटासमोर बसून त्यावर बोलणं तर त्याहून जड.

शिवाय मशीन कितीही गोड बोललं तरी कथेच्या दुसऱ्या पानावर त्याला जांभई येत नाही. समोरच्या बाकावरच्या प्रियांकाला येते, आणि ती तुम्हाला दिसते. ती जांभई फार मोलाची असते.

मागायचं काय, करायचं काय

कॉलेजकडे मागायच्या गोष्टी महागड्या नाहीत. आठवड्यातून एक दिवस दोन तास एक रिकामा वर्ग. झेरॉक्सचा थोडा खर्च. वार्षिक अंकासाठी आलेल्या प्रत्येक कवितेला, कथेला निदान तीन ओळींचं उत्तर: काय आवडलं, कुठे अडलं, पुन्हा लिहून कधीपर्यंत देता येईल. हे काम विद्यार्थी संपादक मंडळ करू शकतं. फक्त नोटीस तेवढी लवकर लागायला हवी. आणि सर-मॅडमनाही आमंत्रण द्या, पण पाहुणे म्हणून नको. त्यांनीही आपला कच्चा ड्राफ्ट घेऊन गोलात बसावं. जे शिक्षक हे करतील, त्यांच्या वर्गात मुलं किती मोकळी होतात ते बघाच.

कॉलेज 'बघू' म्हणालं तर थांबू नका. पाच जण पुरतात. सगळे मराठीच्या वर्गातले नकोत. एक कॉमर्सची, एक मेकॅनिकलचा असू द्या, म्हणजे कुणी समीक्षेच्या पुस्तकातले शब्द फेकणार नाही. वार ठरवा आणि तो मोडू नका. एका बैठकीला दोघांचंच लेखन घ्या, चार पानांपेक्षा जास्त नको. पानं दोन दिवस आधी सगळ्यांकडे पोहोचू द्या आणि जमलं तर कागदावर, कारण मोबाइलवर वाचताना बोट वर सरकतं आणि समासात काही लिहिता येत नाही. आधी लेखकानं स्वतः मोठ्यानं वाचायचं. तो जिथे अडखळेल, तिथे बहुतेक वेळा वाक्यच अडखळत असतं. मग चार पायऱ्या. शुद्धलेखन सगळ्यात शेवटी, शेवटच्या ड्राफ्टला. आणि ज्यानं आज वाचलं, त्यानं तीन आठवड्यांच्या आत तेच पुन्हा लिहून आणायचं. हा नियम सुटला तर गट मैफल होऊन जाईल. मैफली आपल्याकडे पुष्कळ आहेत.

सहा महिन्यांनी तुमच्यातलं कुणी लेखक झालेलं नसेल. पण प्रत्येकाकडे दोन-तीन अशा गोष्टी असतील, ज्या तीनदा लिहिल्या गेल्या आहेत. शिवाय लक्षपूर्वक वाचणारी चार माणसं असतील, आणि ती कॉलेज संपल्यावरही पुरतात.

पहिल्या बैठकीत कुणी आधी वाचायचं, यावरून सगळे एकमेकांकडे बघत बसतील. जो म्हणेल, 'माझं अजून पूर्ण झालेलं नाही, पुढच्या वेळी आणतो,' त्यालाच पहिला बसवा. पूर्ण झालेल्यावर बोलून तरी काय करणार?